कानात बाबा, समोर हरिपूरचा रस्ता

सांगली
रविवार, रात्र

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमची भुतं काल सांगलीत फिरून आली. दिवाळीपासून ओवीला तुम्ही जे व्हॉइस मेसेज पाठवताय ते मी एका ठिकाणी जमवले. त्यातले खोकले आणि "हॅलो, येतंय का ऐकायला?" हे सगळं कापलं, फायलींना नंबर दिले आणि फोनच्या नकाशावर एकेका गोष्टीची जागा खूण करून ठेवली. खुणेपाशी पोचलं की त्या नंबरची फाईल लावायची, ऐकत ऐकत पुढच्या खुणेकडे निघायचं. वाटाड्या नाही, तिकीट नाही, वाटेल तिथे थांबायची मुभा. एडिनबरा, यॉर्क अशा गावांत भुताखेतांच्या फेऱ्यांवर लोक पैसे मोजून जातात. आमच्याकडे फुकटात निवृत्त विज्ञानशिक्षक मिळाले.

आई, तू काळजी करशील म्हणून आधीच सांगते. पाचला निघालो आणि अंधार पडायच्या आत हरिपुरात होतो. वायरवाला इअरफोन घेतला होता, एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. त्यामुळे दोघींचाही एकेक कान रस्त्याला मोकळा राहिला आणि वायर तोकडी असल्याने पोरगी हात सोडून पळाली नाही. ही युक्ती कुणालाही सांगण्याजोगी आहे.

सुरुवात गणपती मंदिरापासून. चोर गणपतीची गोष्ट छान जमलीय बाबा. चतुर्थीच्या आधीच, प्रतिपदेला, कुणाला पत्ता लागू न देता देव येऊन बसतो, हे ऐकून ओवीने मंदिराच्या सगळ्या दारांची पाहणी केली आणि कुठल्या दाराने येत असेल ते ठरवूनही टाकलं. यात भूत कुठेच नाही, पण पहिल्याच थांब्याला लहान मुलाला घाबरवायचं नसतं हे तुम्हाला बरोबर कळलंय.

दुसरी फाईल मात्र फोनच्या जिवावर बेतली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' केलं, इथपर्यंत तुमचा आवाज वर्गातला होता. मग मशालीवर राळ उधळून राक्षस रंगणात येतो आणि तुम्ही "अललडुर्र" म्हणून जे काही ओरडलात! आवाज फाटला, ओवीने इअरफोन उपसून काढला, शेजारून चाललेल्या आजींनी थांबून आमच्याकडे पाहिलं. त्यानंतर हरिपूरपर्यंत प्रत्येक वळणावर एक अललडुर्र झालं. वहिनी म्हणाली की रेकॉर्डिंग करताना वारज्याच्या शेजाऱ्यांनी बेल वाजवली होती, ते याच फाईलच्या वेळी ना?

खरी पंचाईत झाली ती रस्ता सांगण्यात. बाबा, तुम्ही सांगता, "सायकलच्या दुकानापाशी डावीकडे वळा, पिठाची गिरणी ओलांडली की समोर वाडा." दुकान नाही, गिरणी नाही आणि वाड्याच्या जागी पाच मजले उभे आहेत, खाली मोबाईलचं दुकान. नकाशावर खूण होती म्हणून जागा सापडली, पण कानात तुम्ही एक गाव सांगताय आणि डोळ्यांपुढे दुसरंच. ओवी म्हणाली, "आबा चुकीच्या सांगलीत चाललेत." शेवटी पानपट्टीवर एका काकांना विचारलं. त्यांना गिरणी आठवत होती! मग काय, गोष्ट आम्हाला पहिल्यापासून लावावी लागली. काकांनी माझंच टोक स्वतःच्या कानात घालून ती पुरती ऐकली आणि वर म्हणाले, "हे मास्तर सांगतात ते अर्धंच हाय. ती हडळ न्हवती, घुबड हुतं, पर त्या घुबडाला बघून ज्यो पडला त्यो खरंच मेला." तुमच्या माळ्यावरच्या पांढऱ्या साडीतल्या बाईचा निकाल तिथल्या तिथे लागला. गव्हाणी घुबडाचा तो पांढरा चेहरा, उडताना पंखांचा आवाज नाही आणि मध्येच ती किंकाळी. रात्री अचानक समोर आलं तर मीही साडीच पाहीन.

पिंपळाच्या पारावरच्या मुंजाबद्दल एक तक्रार आहे. गोष्ट सुरेख. मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोरगा, त्याला कुणी खेळायला घेत नाही म्हणून पानं हलवत बसतो. वारा नावालाही नव्हता तरी पानं सळसळत होती (लांब देठामुळे, ठाऊक आहे मला) आणि ओवी वर बघत गप्प उभी होती. तेवढ्यात तुम्ही म्हणता, "अर्थात भूत वगैरे काही नसतं, पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो म्हणून पूर्वजांनी तो तोडू नये असं सांगितलं." बाबा! ऑक्सिजन सोडायला झाडाला ऊन लागतं हे मला आठवीत तुम्हीच शिकवलंत, फळ्यावर आकृती काढून. हा कुणाचा फॉरवर्ड तुमच्या तोंडी आला? मुंजा तरी बरा, तो आपण खरा आहे असा दावा करत नाही.

आयर्विन पुलाची गोष्ट थोडक्यात आटोपली. सायकलवाल्याच्या मागे बाई बसते आणि पॅडल जड होतं. ओवीने विचारलं, "आबांची सगळी भुतं सायकलवरच का बसतात?" याचं उत्तर तुम्हीच द्या. तिला १९२९ मध्ये पूल उघडायला व्हाइसरॉय आला होता याचं काही वाटलं नाही, पाण्याची उंची मोजायच्या आकड्यांचं मात्र फार वाटलं. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका हे मी समजावलं. मग तिने स्वतःच विचारलं, "आपल्या घरात आलं तेव्हा?" २०१९ च्या ऑगस्टात पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं हे सांगितल्यावर ती मान मागे टाकून बराच वेळ ते आकडे शोधत राहिली. इथे मी फाईल बंदच ठेवली.

घाटाचं आता नीट लिहिते, कारण ते आईला उद्देशून आहे.

तिथे बाबांच्या फाईलमध्ये मगर आहे. नाकपुड्या आणि डोळे तेवढे वर ठेवून मगर कशी दबा धरते, कृष्णेत भिलवडी-औदुंबरपासून खाली हरिपूरपर्यंत ती कशी आढळते, काठावर वाकलेल्या माणसाला कशी धरते, सगळं चोख. घाटावर मगरीची पाटीही आहे. ओवीने पाटी वाचली, आबांचं ऐकलं आणि "मगर बघायचीय" म्हणून दोन पायऱ्या आणखी खाली उतरली. माहिती जितकी पक्की तितकी तिची हौस वाढत होती. शेवटी मी तुझं वाक्य काढलं, "तिन्हीसांजेला पाण्याकडे पाठ करायची नाही, आसरा पाय ओढतात. सातजणी असतात, एकीला चुकवलंस तर दुसरी आहे." पोरगी उलट्या पावलांनी पायऱ्या चढत वर आली, नजर पाण्यावरून न हलवता. काठावर वावरताना याहून चांगली पद्धत वनखातंही सांगणार नाही.

तर आई, आसरांची गोष्ट तुझ्या आवाजात पाहिजे. "माझा काय मेलीचा आवाज" हे चालणार नाही. डोहात दहीभात सोडायचा तो का, ओटी कुणी भरायची, तुझ्या आजोळच्या विहिरीवर काय झालं होतं, सगळं घ्यायचं. आणि बाबा, ती बोलत असताना मागून "अगं, मगर, मगर" करायचं नाही.

हरिपूर रस्त्यावरच्या चिंचा अजून आहेत. पूर्वीइतक्या नाहीत, पण एखाद्या ठिकाणी सावली अशी पडते की ऊन असताना दिवे लावावेत वाटतं. इथेही बाबा, तेच. हडळीची गोष्ट रंगात आली की तुम्ही सांगता, चिंच रात्री कार्बन डायऑक्साइड सोडते म्हणून तिच्याखाली झोपू नये. सोडते, सगळीच झाडं सोडतात, पण उघड्या हवेत तो कुठल्या कुठे पसरतो, त्याने कुणी गुदमरत नाही. गंमत अशी की हाच वायू पुढच्या थांब्यावर खरोखर माणसं मारतो आणि तिथे मात्र तुम्ही त्याचं नावही घेतलं नाहीत!

पेवांबद्दल बोलतेय. हरिपुरात ओळखीच्या एका शेतकरी आजोबांनी आम्हाला पेवाचं तोंड दाखवलं. ओवीला वाटलं होतं गुहा असेल. प्रत्यक्षात जमिनीशी सपाट एक फरशी, कडेने मातीने लिंपलेली, आणि तोंड एवढंच की एक माणूस अंग चोरून उतरेल. खाली ते रुंदावत जातं, गळ्यापर्यंत पुरलेल्या रांजणासारखं. वीस-पंचवीस फूट खोल, त्यात हळदीची पोती. हे तोंड बंद होतं तरी ओवीने फरशीला नाक लावून हळदीचा वास आल्याचं जाहीर केलं. आता गोदामं आणि शीतगृहं झाली, २००५ च्या पुरात कितीतरी पेवांत पाणी शिरून हळद गेली, त्यानंतर पेवं वापरणारे कमीच उरले.

तुमची खवीसाची फाईल आम्ही तिथेच, त्या फरशीपाशी उभं राहून ऐकली. पेवात खवीस बसलेला असतो, एकटा माणूस उतरला की त्याचा गळा धरतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरला की त्याचाही. तुम्ही हे पाच वाक्यांत उरकलंत, कदाचित तुम्हाला ती साधी भीती वाटली असेल. मला तिथे काटा आला. बंद पेवात ऑक्सिजन संपलेला असतो, कार्बन डायऑक्साइड जड म्हणून तळाशी साचून राहतो, ना रंग ना वास. पहिला कोसळतो, आणि त्याला वाचवायला धावलेला दुसराही त्याच हवेत उतरतो. बंद विहिरी, गटारं, टाक्या, सगळीकडे असंच होतं, दुसऱ्याचा जीव मदतीच्या घाईत जातो. तुमच्या गोष्टीतल्या खवीसाला हे बारकाव्यासकट ठाऊक आहे. ज्याने कुणी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्याने बहुतेक दोन माणसं गमावली होती.

आजोबांना मी विचारलं, खवीस खरा का हो? ते म्हणाले, "व्हय की. तोंड उघडायचं, दिवसभर वारं खाऊ द्यायचं, मग कंदील सोडायचा. कंदील इझला की समजायचं, आत हाय."

ओवीने हे वाक्य वहीत लिहून घेतलं. घरी येऊन तिने मेणबत्ती, काचेचा पेला, खायचा सोडा आणि व्हिनेगर घेऊन खवीस तयार केला. पेल्यातला अदृश्य वायू मेणबत्तीवर ओतला, मेणबत्ती विझली, आणि मग अललडुर्र. बाबा, हे असं ठेवा. आधी भूत पुरतं येऊ द्या, पोराला घरी जाऊ द्या, कारण नंतर सांगा. तुम्ही भूत आणतानाच त्याच्या हातात दाखला देता, त्यामुळे ते घाबरवत नाही आणि विज्ञानही लक्षात राहत नाही.

संगमेश्वरापाशी शेवट केला. कृष्णा-वारणेच्या संगमावरची तुमची फाईल फार लांब आहे, पोरगी तोवर दमली होती. आम्ही पायरीवर बसून भडंग खाल्लं आणि रिक्षाने परत आलो. ती फाईल अर्ध्यावर कापते, चालेल ना? श्रावण सोमवारच्या यात्रेचं तेवढं ठेवते, त्यात गर्दीत हरवलेल्या तुमच्या चपला आहेत.

आता कामाचं. दादाच्या मागे लागून पुढच्या रविवारपर्यंत एवढं करून घ्या. वळणं सांगणाऱ्या जागा मी आता उभ्या असलेल्या खुणांनिशी लिहून पाठवते, त्या नव्याने बोला. जुन्या खुणाही राहू द्या, पण "इथे गिरणी होती" असं म्हणा, म्हणजे माणूस गिरणी शोधत बसणार नाही. पिंपळाचा ऑक्सिजन आणि चिंचेचा कार्बन डायऑक्साइड काढून टाका. पेवाची गोष्ट निदान दुप्पट लांब करा. प्रत्येक गोष्टीनंतर थोडा वेळ काही बोलू नका, आपसूक आजूबाजूचं ऐकू येतं. राक्षसाच्या वेळी फोन हातभर लांब धरा.

ओवीच्या दोन मैत्रिणींनाही यायचंय, एकीच्या आजीकडे खणभागातली कसलीशी गोष्ट आहे म्हणे. आई, तुला चुरस लागली आहे हे लक्षात घे.

गुरुवारी इकडून ओळखीचं कुणी पुण्याला येतंय, त्यांच्यासोबत भडंग आणि हळद पाठवते. भडंग आईच्या ताब्यात द्यायचं. बाबांना डॉक्टरांनी काय खायला मना केलंय त्याची यादी माझ्याकडेही आहे.

तुमची,
सुमा

ता. क. ओवीने विचारायला सांगितलंय, मुंजाची सोडमुंज आपण केली तर तो जाईल का? याचं उत्तर आईने द्यावं, बाबांनी नाही.