दिगूस, स्विंडनहून

स्विंडन,
रविवार, 29 सप्टेंबर 2019
घटस्थापना

प्रिय दिगू,
सप्रेम नमस्कार.

आज सकाळी घट बसवला. परातीत बागेतली माती घेतली, तीत धान्य पेरलं आणि लगेच आईला फोन लावला. तिनेही बसवलाय. देव्हाऱ्यामागच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते म्हणाली, रंग देऊनही. मग नेहमीचंच वाक्य: "दिगूनं हात धरून होडीत बसवलं, म्हणून मी आहे." ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली तेव्हा मी इथे मोबाइलवर बातम्या बघत बसलो होतो आणि तू गावभागात गळ्याएवढ्या पाण्यात माझ्या आईला शोधत होतास. त्याबद्दल तुला काय लिहावं ते मला दीड महिना सुचलेलं नाही. आजही सुचत नाही. पण हे पत्र जिथे पोचणार आहे, त्याची सुरुवात तिथूनच आहे.

तू विचारलंस, तुमच्या विलायतेत नेमकं चाललंय काय. शिवाय तासगावच्या मेहुण्यांची द्राक्षं नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात उतरून पुढे इकडे येतात, त्यांनी पुढच्या हंगामाचं काय धरून चालायचं? दिगू, आज 29 सप्टेंबर. सरकार म्हणतंय 31 ऑक्टोबरला काहीही झालं तरी युरोपीय संघातून बाहेर पडणार, म्हणजे ते ब्रेक्झिट. संसदेने कायदा केलाय की 19 ऑक्टोबरपर्यंत बाहेर पडण्याचा करार झाला नाही तर पंतप्रधानांनी युरोपकडे जानेवारीअखेरपर्यंत मुदतवाढ मागायची. पंतप्रधान म्हणतात, मुदतवाढ मागण्यापेक्षा खंदकात मेलेलं पत्करेन. आता यातून मी मेहुण्यांना काय सांगू? रॉटरडॅमपर्यंत काही बदलत नाही, तिथून पुढच्या समुद्रात काय होईल ते मंत्र्यांनाही ठाऊक नाही, एवढंच सांग. सरकारचा स्वतःचाच एक अंदाज याच महिन्यात प्रसिद्ध करावा लागला. त्यात लिहिलंय की कराराविना बाहेर पडलो तर इंग्लिश खाडी ओलांडायला ट्रकना दीड ते अडीच दिवस थांबावं लागू शकतं. द्राक्षांचं ते सोड, इथल्या लोकांना औषधांची काळजी लागलीय.

तू मंगळवारचा निकाल पाहिलास का? पंतप्रधान जॉन्सननी पाच आठवड्यांसाठी संसद तहकूब करवून घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या अकराच्या अकरा न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितलं की हे बेकायदा आहे, म्हणजे तहकुबी झालीच नाही असं समजा. दावा लावणाऱ्यांत एक जीना मिलर, ब्रिटिश गयानात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या. अध्यक्षा लेडी हेल निकाल वाचत होत्या तेव्हा ऑफिसात कामं थांबवून आम्ही सगळे एका स्क्रीनभोवती जमलो होतो. ज्या देशाला लिखित राज्यघटना नाही, तिथे केवळ रूढी आणि जुने दाखले यांच्या आधारावर न्यायालय पंतप्रधानाला थांबवू शकतं, हे पाहून मला खरोखर भरून आलं.

दुसऱ्याच दिवशी ते सगळं ओसरलं. बुधवारी संसद पुन्हा भरली आणि मी रात्री उशिरापर्यंत ऐकत बसलो. महाधिवक्त्यांनी भर सभागृहात सांगितलं की ही संसद मेलेली आहे. एका महिला खासदाराने विनवून सांगितलं की 'शरणागती', 'गद्दारी' असले शब्द आवरा, आम्हाला जीवे मारण्याच्या धमक्या येतात आणि त्यांत हेच शब्द असतात. तिने जो कॉक्सची आठवण काढली. 2016 च्या सार्वमताला आठवडा उरला असताना ज्या तरुण खासदाराचा भर रस्त्यात खून झाला, ती. पंतप्रधानांनी उत्तर दिलं की इतकं थोतांड मी कधी ऐकलं नाही. मी टीव्ही बंद केला.

आता मूळ गुंता. 23 जून 2016 ला प्रश्न साधा होता: राहायचं की सोडायचं. 'सोडा' म्हणणारे 1 कोटी 74 लाख, 'राहा' म्हणणारे 1 कोटी 61 लाख. पण सोडून जायचं कुठे, हे मतपत्रिकेवर नव्हतं. तेव्हापासूनची सव्वातीन वर्षं त्या न छापलेल्या ओळीवरून भांडण चालू आहे. तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून यांनी दुसऱ्याच सकाळी राजीनामा जाहीर केला. त्यांच्या जागी आलेल्या थेरेसा मे बाईंनी पुष्कळ घासाघीस करून करार आणला तो संसदेने तीनदा फेटाळला, पहिल्यांदा तर 230 मतांनी. मार्चमध्ये खासदारांनी स्वतःच आठ पर्याय मांडले आणि आठही पाडले! मे गेल्या, जॉन्सन आले, तेही पक्षाच्या 92 हजार सभासदांच्या मतांवर. या महिन्याच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच्याच 21 खासदारांना पक्षाबाहेर काढलं. त्यांत चर्चिलचा नातूसुद्धा आहे.

आणि हे सगळं अडतं कुठे, तर आयर्लंडच्या सीमेवर. तुला जकात नाक्याची आठवण दिली की पटकन कळेल. आपल्या लहानपणी तुझ्या अप्पांचा हळदीचा ट्रक नाक्यावर अडकला की तू आणि मी डबा घेऊन जायचो. कागद, शिक्का, पावती, पुन्हा रांग. युरोपीय संघ म्हणजे 28 देशांनी मिळून आतले असे सगळे नाके काढून टाकलेले. आयर्लंड बेटावर दक्षिणेला स्वतंत्र देश, उत्तरेचा तुकडा ब्रिटनचा, आणि मध्ये सुमारे 500 किलोमीटरची सीमा. ती कुणाच्या शेतातून जाते, कुणाच्या अंगणातून. तिथे तीस वर्षं बॉम्ब आणि गोळ्या चालल्या, साडेतीन हजारांवर माणसं मेली. 1998 च्या शांतता करारानंतर टेहळणीचे मनोरे उतरवले गेले. आज गाडी त्या सीमेवरून जाते तेव्हा फक्त पाट्यांवरचे मैल जाऊन किलोमीटर येतात. ब्रिटन त्या जकात संघातून बाहेर पडला तर माल कुठेतरी तपासावाच लागणार. जमिनीवर तपासला तर पुन्हा नाका, आणि नाका आला की त्याच्यावर पहिला दगड, मग पहिली गोळी. समुद्रात तपासला तर उत्तरेतले ब्रिटननिष्ठ म्हणतात, आम्हाला तोडलंत. त्यांच्या दहा खासदारांच्या आधारावर तर मे बाईंचं सरकार उभं होतं. तिसरी वाट कुणाला सापडलेली नाही. 'सोडा'वाल्यांच्या प्रचारात लाल बसवर आठवड्याला 35 कोटी पौंड युरोपला जातात असा आकडा रंगवला होता. या सीमेबद्दल त्या बसवर एक अक्षर नव्हतं.

दिगू, इथवर लिहिलेलं तुला कुणीही सांगितलं असतं. आता जे लिहितोय ते घरात बायकोशिवाय कुणाला माहीत नाही.

मी 'सोडा'ला मत दिलं होतं.

तू विचारशील, तुला मत कसं? राष्ट्रकुलातल्या देशांचे जे नागरिक इथे रीतसर राहतात, त्यांना इथे मतदान करता येतं. भारतीय पासपोर्ट खिशात ठेवून मी रांगेत उभा राहिलो. कारण होती आई. बाबा गेल्यावर तिला इकडे आणावं म्हणून 2014 मध्ये अर्ज केला, तो तुला आठवत असेल, कागद तूच नोटरी करून पाठवले होतेस. 2012 पासून नियम असा की म्हाताऱ्या माणसाला रोजच्या कामांसाठी सतत दुसऱ्याची मदत लागत असली पाहिजे, आणि ती मदत मायदेशी पैसे मोजूनही मिळता कामा नये. अर्ज फेटाळला गेला. त्याच सुमारास माझ्या गल्लीत युरोपातली कुटुंबं नुसता पासपोर्ट दाखवून राहायला येत होती, आईवडिलांसकट. माझ्या मनात ते साचत गेलं. मग प्रचारात मंत्रीच सांगू लागले की युरोपाची रीघ थांबली की तुमच्या माणसांना दार उघडेल, करी रेस्टॉरंटांना आचारी मिळतील. मला आचारी नको होता, आई हवी होती. मी विश्वास ठेवला. नोव्हेंबर 2016 मध्ये मे दिल्लीला गेल्या आणि व्हिसाची गोष्ट निघताच आहे ती व्यवस्था उत्तम आहे म्हणाल्या. पाच महिनेसुद्धा झाले नव्हते.

पण फसवला गेलो हे माझं दुःख नाही. माझं दुःख शेजारच्या घरात आहे.

मडगावचे शेजारी, ज्यांच्या हातचं सोरक तू 2015 मध्ये आला होतास तेव्हा तीनदा मागून घेतलंस, ते. त्यांचा जन्म 1958 चा, गोवा मुक्त व्हायच्या आधीचा. म्हणून त्यांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळालं, आणि त्यापायी भारतीय पासपोर्ट परत करावा लागला. त्या पोर्तुगीज पासपोर्टवर ते 2008 ला इथे आले. स्विंडनमध्ये असे गोवेकर ढिगाने आहेत, गोदामांत, कारखान्यांत, रात्रपाळ्यांना. सार्वमतात युरोपीय नागरिकांना मत नव्हतं, आयर्लंड, माल्टा, सायप्रस सोडून. म्हणजे बघ, त्यांच्या राहण्याचा प्रश्न मतपत्रिकेवर होता, आणि मत त्यांना नव्हतं, मला होतं. भारतीय राहिले असते तर मत मिळालं असतं, पण मग इथे राहायला मिळालं नसतं.

जूनमध्ये त्यांनी सरकारी नोंदणीसाठी माझी मदत मागितली. युरोपच्या नागरिकांनी आता इथे राहायला नव्याने अर्ज करायचा आहे. पासपोर्टची चिप वाचणारं ॲप फक्त अँड्रॉइडवर चालतं, आणि तसा फोन माझ्याकडे होता. त्यांच्या स्वयंपाकघरात मी त्यांचा लालसर पासपोर्ट फोनखाली धरून बसलो. चिप चार वेळा वाचली गेली नाही. त्यांना कायमचा दर्जा मिळाला. त्यांच्या पत्नी आईच्या आजारपणामुळे गोव्यात थांबल्या होत्या, 2015 ला आल्या, पाच वर्षं भरत नाहीत म्हणून त्यांना तात्पुरता. हातात कार्ड वगैरे काही नाही, नुसता ईमेल. तो त्यांनी छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून अल्तारावर क्रुसाखाली ठेवलाय. मुलगा होंडाला सुटे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्यात आहे. होंडाने 2021 ला इथला कारखाना बंद करायचं जाहीर केलंय, साडेतीन हजार नोकऱ्या. कंपनी म्हणते, कारण ब्रेक्झिट नाही, विजेच्या गाड्या आहेत. असेलही. त्या पोराला कारण कोणतंही असलं तरी फरक पडत नाही.

त्या दिवशी निघताना ते दारात म्हणाले, "आमी खंयचे रे?" आम्ही कुठले? गोव्यात मतदार यादीत नाव नाही, लिस्बनला आयुष्यात एकदाच जाऊन आले, आणि इथे अकरा वर्षं राहून ईमेलवर अवलंबून. मी मान खाली घालून चपला शोधत राहिलो.

सार्वमताच्या दोन दिवसांनंतरची आणखी एक गोष्ट. दुकानाच्या रांगेत मी आणि ते पुढेमागे उभे होतो. एक माणूस आम्हा दोघांकडे बघत म्हणाला, आता सामान बांधायला लागा. त्याला काय ठाऊक, आमच्यापैकी एकाने त्याच्याच बाजूने मत दिलंय! शेजारी हसून पुढे सरकले. माझा हात थरथरत होता, आणि त्यांना वाटलं मी घाबरलो. घरी येईपर्यंत ते माझी समजूत घालत होते.

मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी ठरवतो. बायको म्हणते सांगू नकोस, म्हातारपणी त्यांना शेजारावरचा विश्वास तरी राहू दे. मला वाटतं, ज्या माणसाने माझ्या हातात पासपोर्ट दिला त्याला हे माहीत असायला हवं. पण सांगून हलका होईन तो मी, आणि ओझं जाईल त्यांच्या घरी, असंही वाटतं. तू आपल्या गल्लीतली कितीतरी भांडणं मिटवली आहेस. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस? फोनवर नको, पत्रानेच लिही, मला ते दोनतीनदा वाचावं लागेल.

तुमच्याकडे 21 ऑक्टोबरला मतदान आहे, आईला घेऊन जा. पूर गेल्यापासून ती एकटी पायरी उतरायला घाबरते. दसऱ्याला तिच्या हातात सोनं माझ्या वतीने तूच दे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मोहन