हॉस्टेलला येताना काय आणायचं

पुणे,
रविवार दुपार

प्रिय रश्मी,

तुझ्या यादीचा फोटो मिळाला. फोनवर बोलायला लागलो की आपण भलतीकडेच जातो, म्हणून सगळं लिहूनच पाठवते आहे. हे पत्र काकूंनाही वाचून दाखव. यादीतलं निम्मं सामान त्यांच्या काळजीतून आलंय, हे मला इथे बसून कळतंय.

तू कायमची निघालेली नाहीस, हे आधी मनात पक्कं कर. कॉलेज जरा सुरू होतंय तोवर गणपती येतील, आणि गणपतीला आपल्याकडचं कुणी पुण्यात थांबत नाही. त्यानंतर दिवाळी. म्हणजे तुझं सामान तीन खेपांत येणार आहे. आत्ता फक्त पावसाळ्यापुरतं आण. स्वेटर, शाल, ठेवणीतले ड्रेस यांना हातच लावू नकोस. एसटीत २०२३ पासून बायका-मुलींना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खेपा परवडतात. पहिल्या खेपेचं माप सांगते: पाठीवर एक सॅक आणि हातात एक बॅग, बस्स. आपल्या हॉस्टेलला लिफ्ट नाही, पहिल्या वर्षाच्या मुलींना तिसरा मजला मिळतो आणि पुरुषांना आत सोडत नाहीत. काका फाटकापर्यंतच येतील. तिथून पुढे सगळं तुलाच उचलायचंय.

तुझ्या यादीत बादली, मग, झाडू, हँगर, आरसा, उशी, गादी असं सगळं आहे आणि कागदपत्रांची मात्र एकच ओळ. मी असते तर उलटं केलं असतं. बादली पुण्यात गल्लोगल्ली मिळते. कुडाळच्या तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पुण्यात मिळत नाही. तेव्हा निघण्याआधी सेतू केंद्रात जाऊन काकांच्या नावाचा चालू वर्षाचा दाखला काढून घे. तू ओबीसीतून प्रवेश घेतलायस. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश मिळाला असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा असतो, आणि तो अर्ज या दाखल्याशिवाय पुढे सरकत नाही. नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी, डोमिसाइल ही प्रमाणपत्रं तुझ्याकडे आहेतच. मधल्या वर्षाचं गॅप अ‍ॅफिडेव्हिट मात्र विसरू नकोस. सीईटी पुन्हा देण्यासाठी एक वर्ष घेतलंस यात लपवण्यासारखं काही नाही, पण त्याचा कागद सगळीकडे मागतात.

आणि आधार! तुझं आधार काकांच्या मोबाईलला जोडलेलं आहे, हे मला आठवतंय. महाडीबीटीवर आधारने काही करायचं म्हटलं की ओटीपी त्या नंबरवर जातो. काका बागेत असले की त्यांना रेंज नसते, आणि तू इथे सायबर कॅफेत ताटकळत बसशील. कुडाळातच आधार केंद्रावर जाऊन तुझा स्वतःचा नंबर जोडून घे. बँकेचं खातंही आधारला जोडलंय का ते विचार, शिष्यवृत्तीचे पैसे त्यातच येतात. हे काम झाल्याशिवाय बॅग भरायला घेऊच नकोस.

सगळ्याच्या झेरॉक्स काढ, फोनमध्ये स्कॅन ठेव आणि एक संच घरी ठेव. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेज ठेवून घेतं, त्यामुळे त्याच्या प्रती जरा जास्त काढ. पासपोर्ट आकाराचे फोटो भरपूर लागतात: हॉस्टेलचा फॉर्म, मेसचं कार्ड, लायब्ररी, बसचा पास. स्थानिक पालक म्हणून हडपसरच्या मावशींचं नाव देणार असशील तर त्यांचा फोटो आणि आधारची प्रत लागेल. रॅगिंगविरोधी हमीपत्र ऑनलाइन भरायचं असतं, ते घरूनच भर. काकूंना त्याचीच भीती वाटते ना? त्यांना सांग, १८००-१८०-५५२२ ही देशभराची हेल्पलाइन आहे आणि आमच्या प्रत्येक मजल्यावर हा नंबर लावलेला आहे. आणि मी आहे.

आता गादी. आणू नकोस. इथे लोखंडी कॉट मिळते, आणि सगळ्यांची रुंदी सारखी नसते. खोली मिळाली की आपण माप घेऊन गादी आणू. घरून आण ती आजीने शिवलेली वाकळ. इथे पावसाळ्यात पांघरायला तेवढी पुरते, थंडीत ब्लँकेटच्या आत घेता येते, आणि पहिल्या रात्री अनोळखी खोलीत झोपताना ती अंगावर असली की फार बरं वाटतं. मी आजही माझी वाकळच घेते. थंडीची मात्र तयारी ठेव, दिवाळीनंतर. आपल्याकडे स्वेटर कपाटातच राहतो. इथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा कधी दहाच्याही खाली जातो आणि फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही.

पाऊस तुला इथला पाऊसच वाटणार नाही. आपल्याकडे पडतो त्याच्या चौथा हिस्साही नसेल. पण आपल्याकडे पडवी असते, चुलीच्या वर दोरी असते. इथे तिघींच्या खोलीत एक खिडकी आणि एक पंखा. जीन्स वाळता वाळत नाही आणि खोलीभर कुबट वास राहतो. म्हणून जीन्स एकच आण, बाकी पातळ कापडाचे कुर्ते आणि लेगिंग्ज. जाड टर्किश टॉवेलऐवजी दोन पंचे. नायलॉनची दोरी आणि चिमटे पहिल्याच दिवशी लागतात, ते बॅगेत वरच ठेव. छत्री आण, रेनकोट नको, आपण बसनेच फिरतो.

औषधांकडे नीट लक्ष दे. तुझ्या दम्याचा पंप एक जास्तीचा आण, आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेव. चष्मा दुसरा करून घे, निदान नंबरचा कागद तरी आण. पॅरासिटामॉल, ओआरएस, बँडेज हे थोडं थोडं. महिनाभराचे पॅड आण, आणि शेकायची रबरी पिशवी नक्की आण. मेसच्या मावशी गरम पाणी देतात. गरजेच्या वेळी ती पिशवी आमच्या मजल्यावर या खोलीतून त्या खोलीत फिरत असते. मच्छरदाणीही आण, पावसाळ्यात इथे डेंग्यूचे पेशंट दरवर्षी असतात.

इलेक्ट्रिक केटल, इस्त्री, इंडक्शन, पाणी तापवायचा रॉड यांना बंदी आहे. सापडलं तर जप्त होतं आणि दंड बसतो. काकूंनी लिहिलेलं कुळथाचं पीठ म्हणूनच काढून टाक, शिजवणार कशात? आयएसआय मार्कचा, लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड मात्र लागतोच, कारण खोलीतला सॉकेट नेमका दाराशी आहे. तो इथे घेऊ.

खाण्याचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण त्यात मला जास्त रस आहे. रविवारी रात्री मेस बंद असते. महिन्याच्या सुरुवातीला मुली बाहेर जेवतात, शेवटी शेवटी डब्यातल्या खाऊवर भागवतात. म्हणून टिकणारं आण: पातळ पोह्यांचा चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, जत्रेतलं खाजं, लसणाची सुकी चटणी. ओल्या खोबऱ्याचं काही नको. लोणचं आणलंस तर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आण आणि डबा वेगळ्या पिशवीत ठेव, तेल कपड्यांना लागलं की जात नाही. सुका बांगडा नको गो. तुझ्यासोबत कोण असेल ते अजून माहीत नाही, कदाचित तिला वासही सोसणार नाही. मासे खायची हुक्की आली की आपण दोघी बाहेर जाऊ. आणि जे आणशील ते तिघींना पुरेल एवढं आण. पहिल्या संध्याकाळी डबा उघडून मध्ये ठेवलास की ओळख करून घ्यायला वेगळं काही बोलावं लागत नाही.

कपाटाला कुलूप आपलंच लावायचं असतं. चांगलं, तीन किल्ल्यांचं घेऊ. ड्राफ्टर, ड्रॉइंग बोर्ड, शीट कंटेनर विकत घेऊ नकोस, माझे तुझ्यासाठी पुसून ठेवलेत. एप्रनही नको, कॉलेज सांगेल तसाच घ्यावा लागतो. पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात, तीही शिक्षकांनी नावं सांगितल्यावर. बादली, मग, आरसा, हँगर यांच्यासाठी एक संध्याकाळ तुळशीबागेत जाऊ. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत कुलूप आणि बोर्ड मिळेल. काकांना सांग, या खरेदीचे पैसे वेगळे काढून द्या, सामान बांधून देऊ नका.

कुडाळहून रात्रीची गाडी घे. ती सकाळी स्वारगेटला येते, आणि पहिल्या दिवशी ऑफिस उघडायच्या आत फाटकाशी असलेलं बरं. कागदांची फाइल डिकीत टाकू नकोस, मांडीवरच्या सॅकमध्ये ठेव. मी स्वारगेटला येतेच आहे. आरक्षण झालं की गाडीची वेळ कळव, आणि आधारचं काम झालं का तेही त्याच मेसेजमध्ये लिही. काका-काकूंना नमस्कार, आजीला विशेष.

तुझी,
मेघना