मतदार यादीचे शेवटचे पान

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लोकसभेचे आमच्या दापोलीकडचे मतदान ७ मे २०२४ ला झाले. त्याआधीच्या आठवड्यात आमच्या घरी परदेशातून दोन फोन आले. पहिला अमेरिकेतून, चुलत दिरांच्या मुलाचा. "काकी, या वेळी वाडीतली सगळी मतं एकगठ्ठा पडली पाहिजेत," असे म्हणून त्याने कोणाला ते सांगितले. वाडीतल्या बहुतेक घरांत त्याने असेच फोन केले, व्हिडिओ पाठवले. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतलेले आहे. दुसरा फोन कुवेतहून, सख्ख्या पुतण्याचा. तो तिथे एसी दुरुस्तीच्या कामावर आहे, पासपोर्ट भारताचा. त्याने एवढेच विचारले, "काकी, माझं नाव यादीत आहे ना?"

नाव नव्हते. का नव्हते ते मला नेमके ठाऊक आहे, कारण प्राथमिक शिक्षिका असताना मी काही वर्षे बीएलओचे, म्हणजे केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचे, काम केले आहे. घरोघरी पडताळणी करताना जो माणूस तिथे राहत नाही, त्याच्यापुढे स्थलांतरित असा शेरा पडतो आणि नाव कमी होते. नियमाने ते बरोबरच. आखातात गेलेल्या कितीतरी मुलांची नावे माझ्या हातून अशी गेली. त्यांच्यासाठी वेगळी सोय असते हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही आणि म्हणून मीही त्यांच्या आयांना सांगितले नाही. याचे आजही वाईट वाटते.

लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २० अ आल्यानंतर, म्हणजे २०११ पासून, परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला पासपोर्टवरच्या पत्त्यावर मतदार म्हणून नाव नोंदवता येते. फॉर्म ६ अ भरायचा. नाव त्या केंद्राच्या यादीत अगदी शेवटी, वेगळ्या भागात छापले जाते. पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः त्या केंद्रावर हजर राहावे लागते. केंद्राध्यक्ष म्हणून मी बसले त्यात दोनदा शेवटच्या पानावर एक-दोन नावे होती. संध्याकाळी सहापर्यंत त्यांच्यापुढे खूण झाली नाही. कुवेतहून येण्याजाण्याचे तिकीट, बुडालेला पगार आणि मुकादमाने रजा दिली तर, हे सगळे एका मतासाठी कोण करील? २०२४ च्या लोकसभेला देशभरात सुमारे १ लाख १९ हजार अनिवासी मतदारांची नोंद होती. मत दिले तीन हजारांहूनही कमी जणांनी, आणि त्यातले बहुतेक केरळचे. तिथल्या पक्षांशी जोडलेल्या आखाती संघटनांनी विमानांची सोय केल्याच्या बातम्या आपण वाचल्या. मला त्याचीही काळजी वाटते. हक्क तिकिटाच्या पैशांवर अडला की तिकीट काढणारा पक्ष मधे येतो.

परदेशात राहणाऱ्यांनी इथल्या राजकारणात बोलूच नये, असे माझे म्हणणे नाही. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे शिकायला अमेरिकेत गेले, इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीत पडले, परत आले, मेरठला पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात फाशी गेले. वर्गात त्यांची गोष्ट सांगताना माझा आवाज दर वर्षी अडखळायचा. आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आमच्या पोफळी आडव्या केल्या, तेव्हा छपराच्या पत्र्यांसाठी कुवेत आणि अमेरिका दोन्हीकडून पैसे आले. अमेरिकेतल्या त्या मुलाची माया खरी आहे. पण मी त्याला विचारले, "एप्रिलपासून वरच्या वाडीला टँकर लागतो, त्याबद्दल तुझा उमेदवार काय म्हणतो?" त्याला टँकरच ठाऊक नव्हता. ज्याला इथे मत नाही, ज्याच्या घरात इथल्या निकालाने काही बदलणार नाही, त्याने तीस घरांना मत सांगावे आणि ज्याची आई त्या टँकरपाशी हंडे घेऊन उभी असते, त्याला मत नसावे, हे मला पटत नाही.

पैशांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. परदेशी नागरिक, मग तो मूळचा भारतीय म्हणून ओसीआय कार्ड मिळालेला का असेना, भारतातल्या पक्षाला देणगी देऊ शकत नाही. भारतीय पासपोर्टवाला देऊ शकतो. पण परदेशातून कोणी पदरच्या पैशाने व्हिडिओ करून घेतले, घरोघरी पोहोचवले, तर ते कोणाच्या खर्चात धरायचे? लोकसभेच्या उमेदवाराला आपल्या राज्यात ९५ लाखांची मर्यादा आहे, चहा-वड्याचाही हिशोब द्यावा लागतो. निदान अशा व्हिडिओवर तो कोणी केला आणि कोणत्या देशातून आला एवढे लिहिण्याची सक्ती निवडणूक आयोगाने करावी.

आता मतदानाच्या सोयीबद्दल. अनिवासींना प्रतिनिधीमार्फत मत देऊ देणारे विधेयक लोकसभेने २०१८ मध्ये मंजूर केले होते. ती लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळले. ते बारगळले हेच बरे झाले. आमच्याकडे घरचा कर्ता दोन सुनांची मते ठरवतो, त्याच्या हाती आणखी तीन मुलांची मते कशाला? २०२० मध्ये आयोगाने टपाली मतपत्रिका ऑनलाइन पाठवण्याची तयारी सरकारला कळवली होती. जवानांना आणि दूतावासातल्या सरकारी नोकरांना ती मिळते. ड्युटीवर असताना आम्ही शिक्षकही टपालाने मत देत आलो. मग एसी दुरुस्त करणाऱ्याला का नाही? फक्त एक भीती आहे. एका खोलीत आठ-दहा जण राहतात, तिथे मुकादमासमोर मतपत्रिका भरायची वेळ येऊ नये. त्यासाठी दूतावासातच पडदा लावून केंद्र उघडावे. फ्रान्सचे परदेशस्थ नागरिक २०१२ पासून आपले ११ खासदार निवडतात. आपण एवढेच मागतो की दापोलीचे मत दापोलीच्याच यादीत पडावे.

पुतण्याकडून मी फॉर्म ६ अ ऑनलाइन भरून घेतला. आता त्याचे नाव आमच्या केंद्राच्या शेवटच्या पानावर आले आहे. कुवेतच्या दूतावासात त्याच्यासाठी मतपेटी केव्हा लागेल, हे आमच्या खासदारांनी आपल्या वृत्तपत्रातून सांगावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. दापोली, जि. रत्नागिरी