ती दोन वर्षं मी अर्जात लिहिली

पुणे,
२१ डिसेंबर २०२५

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, मामांनी पाठवलेला डॉक्टरांचा आजारपणाचा दाखला मी वापरला नाही. अमेरिकेतल्या पीएच.डी.चा अर्ज गेला. २०१४ ते २०१६ मी इंजिनिअरिंगला होते, असं त्यात सरळ लिहिलंय आणि दोन्ही वर्षांच्या मार्कलिस्ट जोडल्यात, एम-थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात नापास होऊन राहिलेल्या केटीसकट.

फोनवर हा विषय निघाला की तुमचा आवाज चढतो, आई मध्ये पडते आणि मी गप्प होते. म्हणून पत्र लिहितेय. आई, तू वाचून दाखव, पण बाबांनी रात्रीची गोळी घेतल्यावर. आणि बाबा, शेवटपर्यंत ऐका, मग काय बोलायचं ते बोला.

अर्धवट सोडलेलं कॉलेज दाखवलं की फाइल कमजोर होते, आजारपणाची गॅप दाखवली की कोणी खोलात जात नाही, असं त्या कन्सल्टंटनं तुम्हाला सांगितलं. तुम्ही ते माझ्या काळजीपोटी मनावर घेतलंत. मामा तर एवढ्या थंडीत दाखल्यासाठी साताऱ्याला जाऊन आले. त्यांचं मन मोडलं याचं मला वाईट वाटतंय, त्यांना मी वेगळा फोन करणार आहे. त्यांच्यावर चिडू नका.

पण अर्जात काय विचारतात ते एकदा ऐकून घ्या. बारावीनंतर जिथे जिथे नाव घातलं त्या सगळ्या कॉलेजांची यादी मागतात. पदवी मिळाली की मध्येच सोडलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, प्रत्येक ठिकाणचे गुण द्यावे लागतात. सगळी माहिती खरी आणि पूर्ण आहे, असं शेवटी लिहून द्यावं लागतं. नंतर काही लपवलेलं निघालं तर प्रवेश रद्द होतो, काही ठिकाणी तर दिलेली पदवीसुद्धा काढून घेऊ शकतात. म्हणजे मी पाच वर्षं तिकडे राबायचं आणि कोणीतरी जुनी फाइल उघडेल म्हणून रोज घाबरायचं. तुम्हाला तरी झोप लागली असती का?

पुढे व्हिसाचं आहेच. मुंबईत बीकेसीला मुलाखतीला जावं लागतं, त्याआधी डीएस-१६० नावाचा फॉर्म भरायचा असतो. माध्यमिक शाळेपासून पुढे कुठे कुठे शिकलात, हे त्यातही विचारतात. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली असं ठरलं, तर त्यांच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१२ खाली माणूस कायमचा अपात्र ठरू शकतो. मामा म्हणाले होते, अमेरिका नाही तर कॅनडा बघू. तिथेही अशा खोटेपणाला पाच वर्षांची बंदी आहे.

आणि बाबा, २०२३ साली बातम्यांत होती ती पंजाबची मुलं आठवतात? कॅनडात शिकून, नोकरीला लागून, कायम राहण्याचा अर्ज केला तेव्हा कळलं की एजंटनं दिलेली प्रवेशपत्रंच बनावट होती. परत पाठवण्याच्या नोटिसा आल्या त्या मुलांना. आपला कन्सल्टंट तसा आहे असं मी म्हणत नाही. पण मुलाखतीच्या खिडकीसमोर मी एकटी उभी असणार, तो नसणार.

शिवाय लपवायचं म्हटलं तरी कसं? बी.एस्सी.ला प्रवेश घेताना मी इंजिनिअरिंग कॉलेजचाच टीसी दिला होता आणि विद्यापीठही तेच. टीसी आणायला तुम्हीच आला होतात, डेपोतून रजा काढून. कॅन्टीनमध्ये आपण चहा घेतला आणि तुम्ही एका शब्दानं काही बोलला नाहीत. येताना गाडीत खिडकीची जागा मला दिलीत. त्या दिवशी तुम्ही ओरडला असतात तर मी बहुधा बी.एस्सी.लाही गेले नसते.

हे सगळं मी पटवून देण्यासाठी लिहितेय हे तुमच्या लक्षात आलं असेल. कायदा नसता, कोणी कधीच तपासणार नाही अशी हमी असती, तरीही मी हेच केलं असतं. कारण सांगते. आईच्या पाटल्या त्या दोन वर्षांत गेल्या. पतसंस्थेचं कर्ज तुम्ही निवृत्तीपर्यंत फेडलंत. डबल ड्युट्या केल्यात, दिवाळीत सुद्धा. मी तेव्हा आजारी होते आणि घरीच होते, असं लिहायचं म्हणजे ते पाटल्यांचे पैसे कुठेच लागले नाहीत असं लिहायचं. आई, माझ्या हातानं मला ते जमलं नसतं.

आणि ती वर्षं वाया गेली, हे मला आता पटत नाही. सिव्हिलला असताना सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आम्ही उन्हात डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची-सखलता मोजायची दुर्बीण, लावून उभ्या राहायचो. आज गावोगाव विहिरींच्या पाण्याची पातळी मोजताना प्रत्येक विहिरीच्या काठाची उंची आधी काढावी लागते, त्याशिवाय पाणी कुठून कुठे वाहतंय ते नकाशावर उतरतच नाही. माझ्या टीममध्ये लेव्हल लावायचं काम माझ्याकडे येतं, कारण मी ते कॉलेजात शिकले. अर्जासोबतच्या निबंधात मी हेच लिहिलंय. एक परिच्छेद, रडगाणं नाही. दोन वर्षं सिव्हिल केलं, गणितात अडकले, भूगर्भशास्त्राकडे वळले, एम.एस्सी. केली, भूजलात काम करतेय. अर्ज करण्याआधी तिथल्या एका विभागाला मेल टाकून विचारलंही होतं की जुन्या केटीचं काय करू. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, जोडा आणि थोडक्यात कारण लिहा, एवढंच उत्तर आलं. आपण वर्षानुवर्षं ज्या गोष्टीचं ओझं वाहिलं, तिच्यावर त्यांनी दोन ओळींत उत्तर दिलं.

बाबा, शाळा सुटल्यावर मी डेपोत यायचे आणि तुमचा हिशेब होईपर्यंत बाकावर बसायचे. ट्रेमधल्या रंगीत तिकिटांच्या गड्ड्या मला फार आवडायच्या. फाटक्या तिकिटांना भोकं पाडायला तुम्ही पंच माझ्या हातात द्यायचात, आणि माझी मूठ लहान म्हणून वरून तुमची मूठ धरायचात. एकदा वेबिलाशी रक्कम जुळेना. तुम्ही पुन्हा पुन्हा मोजलंत आणि मग कमी पडलेले पैसे खिशातून घातलेत. मला घ्यायचं कबूल केलेलं लिमलेट त्या दिवशी राहिलं. रात्री तुम्ही आईला ते सांगत होतात आणि मी गोधडीत जागी होते.

तुम्हाला भीती कसली वाटते ते मला माहीत आहे. एम-थ्री बघून नकार आला तर? येऊ शकतो. अर्ज एकाच ठिकाणी केलेला नाही, आणि सगळीकडून नकार आला तरी माझी नोकरी आहेच, पुढच्या वर्षी पुन्हा बघता येईल. प्रवेश मिळाला तर पैशांचं टेन्शन घेऊ नका. पीएच.डी.ला बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि असिस्टंटशिपचं, म्हणजे विभागात शिकवायला किंवा संशोधनाला मदत करण्याचं मानधन मिळतं. सत्र चालू असताना विद्यार्थी व्हिसावर विद्यापीठात आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं, त्यातच ते बसतं. घरावर कर्ज काढायचं नाही. पुन्हा सांगते, घराचे कागद कोणाकडेही द्यायचे नाहीत, मामांकडेसुद्धा नाही.

आत्यांना तेव्हा काविळीचं सांगितलं होतंत, ते तसंच राहू दे. ते तुम्ही माझ्यासाठी सांगितलं होतंत, मी विसरलेले नाही. मी कोणाच्या घरी जाऊन काही खोडून काढणार नाहीये. माझ्या नावाच्या अर्जावर मात्र मला ते लिहिता आलं नाही, एवढंच.

आता पाच वर्षांचं. आई, हे लिहिताना हात अडखळतोय. मी एकटीच आहे तुम्हाला, हे मला कोणी सांगायला नको. बाबांना स्टेंट टाकला तेव्हा मी पुण्याहून तीन-साडेतीन तासांत कराडला पोचले होते, ॲरिझोनाहून तसं येता येणार नाही. त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. जेवढं करता येतं तेवढं आताच करून ठेवतेय. गीझरवाला सोमवारी येईल. बाथरूममध्ये आणि मागच्या पायरीशी धरायला दांडा बसवायला सांगितलाय, भिंत खराब होईल म्हणून नको म्हणू नका. इन्व्हर्टरचं बुकिंग झालंय. शेजारच्या वहिनींशी बोलणं झालंय, संक्रांतीपासून दुपारची पोळीभाजी त्या देतील. आई, त्यांच्या पोळ्या जाड असतात हे मला माहीत आहे. तुझे गुडघे ओट्यापाशी उभं राहून किती दुखतात तेही माहीत आहे.

माळ्यावर चढायचं नाही. लोणच्याची बरणी मी आले की काढून देईन. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही, हळदीकुंकू झालं की लगेच, तारीख मी घेतलीय. बाबा, सकाळी फिरून येताना स्टँडसमोरच्या हॉटेलात मित्रांबरोबर जो चहा होतो, तो बिनसाखरेचा नसतो हे मला कळलंय. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या संपल्या तर सांगत चला, जुन्या वहीतली जुनी आकडेवारी मला पाठवू नका. तीन महिन्यांची शुगर आणि लिपिड जानेवारीत करायचीच. रक्त पातळ व्हायची गोळी दाताच्या डॉक्टरांना विचारून बंद करायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं.

उत्तरं फेब्रुवारी-मार्चपासून यायला लागतात. होकार आला तर आपलं काय ते १५ एप्रिलपर्यंत कळवायचं असतं. त्याआधी मी घरी येऊन तुमच्याशी बोलेन, तुम्ही दोघं मनापासून हो म्हणालात तरच पुढे. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये.

दाखला मी फाडलेला नाही. येताना घेऊन येते, मामांना परत द्या. शनिवारी दुपारच्या गाडीनं येतेय. राग असेल तर समोर बसून काढा, अबोला धरू नका. तो मला लहानपणीही सोसायचा नाही, आताही सोसणार नाही.

तुमची,
चिमा

ता. क. – आई, वांग्याचं भरीत कर, पण बाबांच्या ताटात तेल वेगळं घालू नकोस.