माझ्याकडे राहिलेल्या पंपाबद्दल, माझ्या प्रतिस्पर्धी मैत्रिणीस

प्रिय मैत्रिणी,

शर्यत होऊन दोन आठवडे झाले आणि तुझा छोटा पंप अजून माझ्या सॅडल बॅगेत आहे. फिनिशलाच द्यायचा होता, पण मी पोचेपर्यंत तू निघून गेली होतीस. आज निकालाचा पूर्ण तक्ता पाहिला आणि हे पत्र लिहायला बसले. सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण त्या सकाळी काय झालं ते आपल्या दोघींशिवाय कोणी पाहिलेलं नाही आणि तू ते कुणाला सांगायची नाहीस.

5 किलोमीटर धाव, 20 किलोमीटर सायकल, पुन्हा 2.5 किलोमीटर धाव. स्प्रिंट ड्युएथलॉनमधली आपली वाटणी ठरून गेलेली आहे: पहिली धाव तुझी, सायकल माझी, आणि शेवटचे अडीच किलोमीटर त्या दिवशी जिचे पाय साथ देतील तिचे. यंदाही तू धावेत पुढे गेलीस, मी सायकलवर तुला गाठून मागे टाकलं. बाराव्या किलोमीटरच्या आसपास माझं मागचं चाक बसलं.

ट्यूब बदलणं मला नवं नाही. चाक काढलं, टायर सोडवला, आतून बोट फिरवून काच शोधली, स्पेअर ट्यूब घातली. हवा भरताना ती व्हॉल्व्हच्या मुळाशीच फाटली. कित्येक महिने बॅगेत घडी होऊन पडलेली ट्यूब मी शर्यतीआधी तपासली नव्हती, ही चूक माझीच. जवळचं एकुलतं एक सीओटू कार्ट्रिजही, म्हणजे ट्यूब झटक्यात भरायची गॅसची छोटी नळकांडी, त्यातच संपलं. माझी शर्यत तिथे संपली होती. मी रस्त्याकडेला बसून होते.

तेवढ्यात तू आलीस आणि ब्रेक दाबलास. ‘ट्यूब?’ एवढंच विचारलंस. मी मान हलवली. तू तुझी ट्यूब आणि पंप काढून माझ्या हातात दिलास, ‘पंप शेवटी दे’ म्हणालीस आणि गेलीससुद्धा.

वर्ल्ड ट्रायथलॉन या आपल्या खेळाच्या जागतिक संघटनेच्या नियमांत हे बसतं. स्पर्धक एकमेकांना ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान देऊ शकतात. स्वतःची सायकल, चाक, हेल्मेट किंवा बूट देऊन स्वतःची शर्यत सोडली, तर मात्र देणारा आणि घेणारा दोघेही बाद. म्हणजे देता येण्यासारखं जे होतं ते सगळं तू दिलंस. पुढचे आठ किलोमीटर तू ट्यूबशिवाय गेलीस, त्याच काचांच्या रस्त्यावरून. मला हे तेव्हा सुचलंच नाही. रात्री झोपताना सुचलं आणि पोटात गोळा आला.

आणि आज तो तक्ता. तू चौथी, तिसऱ्या क्रमांकापासून 9 सेकंदांवर. माझ्याजवळ तू निदान अर्धा मिनिट तरी थांबली होतीस. मधल्या काळात आपण दोनदा फोनवर बोललो. तू माझ्या रिमला काही झालं नाही ना, हे विचारलंस. क्रमांकाचं अवाक्षर काढलं नाहीस.

सप्टेंबर 2020 मध्ये स्पेनमधल्या सान्तान्देरच्या ट्रायथलॉनमध्ये (पोहणं, सायकल, धाव) जेम्स टीगल शेवटी शेवटी रस्ता चुकला, आणि मागून आलेला डिएगो मेन्त्रिदा रेषेअलीकडे थांबून राहिला, तिसरा क्रमांक टीगललाच मिळावा म्हणून. मेन्त्रिदाबद्दल मला फार आदर आहे. पण त्याला समोर रेषा दिसत होती, आपण काय सोडतोय ते त्याला नेमकं ठाऊक होतं. तुझ्यापुढे काय वाढून ठेवलंय याचा तुला अंदाजही नव्हता, तरी थांबलीस.

आभार एवढ्याचेच नाहीत. माझ्या पहिल्या शर्यतीत सायकलवरून उतरल्यावर पाय दगडासारखे झाले होते आणि आपल्यात दमच नाही असं मी धरून चालले होते. सायकलवर मांड्या गोल गोल रेटत असतात, अंगाचं वजन सीटवर असतं. उतरल्याबरोबर त्याच थकलेल्या मांड्यांना प्रत्येक पावलाचा आदळ सोसावा लागतो, हे तू मला समजावलंस. आठवड्यातून एकदा तरी सायकलवरून उतरून लगेच पळ, दहा मिनिटं का होईना, असं सांगितलंस. शेवटच्या किलोमीटरला हलक्या गिअरवर पाय मोकळे करायलाही तूच शिकवलंस. तेच शिकून पुढच्या शर्यतीत मी तुला हरवलं. त्या दिवशी तू मला मिठी मारलीस आणि लगेच माझी दुसऱ्या धावेची वेळ विचारून घेतलीस.

आणि गेल्या वर्षी शेवटच्या तीनशे मीटरमध्ये माझ्या शेजारून निघून गेलीस, मागे न पाहता. तेव्हा फार लागलं होतं. पण तू गय केली असतीस, तर पहाटे उठून पळायला मी कुणासाठी गेले असते? माझ्या प्रत्येक सरावात तू पन्नास मीटर पुढे असतेस, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

पंप पुसून ठेवला आहे. पुढच्या शर्यतीला ट्रान्झिशन, म्हणजे सायकली लावायची जागा, उघडताना स्टँडपाशी भेट, हातात देईन. पहिल्या धावेत माझ्यासाठी वेग कमी करू नकोस, सायकलवर मी तुला गाठेनच. या वेळी माझ्या बॅगेत दोन नव्या ट्यूब असतील, दोन्ही हवा भरून तपासलेल्या. त्यातली एक तुझी.

तुझी,
कायम तुझ्या मागेपुढे असणारी