अक्षरांच्या चित्राला जेपीजी नको

संपादक महोदय,

मंडळांची पत्रके, शाळांच्या सूचना, लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे फलक हे सगळे आता चित्र म्हणून मोबाइलवर फिरते. कुणी त्याचा स्क्रीनशॉट काढतो, कुणी कड कापून पुन्हा पाठवतो आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीत रफार व अनुस्वार शोधावे लागतात. याचे मूळ बहुतेकदा फाइलच्या प्रकारात असते.

जेपीजी हा चित्र साठवण्याचा प्रकार १९९२ मध्ये प्रमाणित झाला तो छायाचित्रांसाठी. तो चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे (ठिपक्यांचे) चौकोन पाडतो आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देतो. चेहरा, आभाळ, शेत यांत रंग हळूहळू बदलतात, म्हणून तिथे ही काटछाट खपून जाते. अक्षराची कड मात्र काळ्यावरून एकदम पांढऱ्यावर उडी घेते, त्यामुळे शिरोरेषेभोवती करड्या ठिपक्यांची धूळ दिसू लागते. शिवाय बहुतेक वेळा रंगाची माहिती आडवी आणि उभी निम्म्यावर आणली जाते. केशरीवरची लाल अक्षरे त्यामुळेच लवकर फुटतात, आणि आपल्या पत्रिकांना तर हेच रंग लागतात! लहान छपाईत आपला अनुस्वार जेमतेम दोन-तीन पिक्सेलचा असतो. तो पुसला गेला की शब्दच बदलतो.

म्हणून मजकूर असलेले चित्र पीएनजी या दुसऱ्या प्रकारात साठवावे. त्यात काहीही टाकून दिले जात नाही. पत्रिका छापायचीही असेल तर पीडीएफ त्याहून बरी. पण इथे एक खाच आहे. पीएनजी व्हॉट्सअॅपवर ‘फोटो’ म्हणून पाठवली की तिचे जेपीजी होते आणि मापही घटते. ती ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच जोडावी. आणि एकदा बिघडलेली जेपीजी नंतर पीएनजी म्हणून साठवून काही उपयोग नाही. गेलेले परत येत नाही, फाइल तेवढी फुगते.

उलट चूकही सर्रास होते. साधे छायाचित्र पीएनजीत ठेवले की ४ एमबीचा फोटो सहज १५-२० एमबीचा होतो आणि डोळ्याला फरक दिसत नाही. फोटोला जेपीजीच योग्य. मात्र मूळ फाइल तशीच ठेवून दुरुस्त्या प्रतीवर कराव्यात, कारण बदल करून जेपीजी साठवताना दर वेळी थोडी नवी झीज होते.

मंडळाच्या बोधचिन्हाचे दुखणे वेगळे आहे. व्हॉट्सअॅपवरून आलेले ५०० पिक्सेलचे चिन्ह १० फुटी फ्लेक्सभर ताणले तर इंचाला जेमतेम ४ ठिपके येतात. फ्लेक्सला साधारण ७२ लागतात. चिन्ह तयार करून घेतानाच डिझायनरकडून व्हेक्टर फाइल, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेली आणि कितीही ताणली तरी न फुटणारी, मागून घ्यावी. एसव्हीजी, पीडीएफ किंवा कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरची सीडीआर चालेल. मजकूर आधी ‘कर्व्ह’ केलेला, म्हणजे अक्षरांच्या रेषाकृती केलेला हवा, नाहीतर दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की जोडाक्षरांचा चुथडा होतो. पारदर्शक पार्श्वभूमी हवी असेल तर जेपीजी चालणारच नाही, चिन्हामागे पांढरा चौकोन येतो.

सर्वांत जास्त मनस्ताप होतो तो नोकरभरतीचे ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या मुलामुलींना. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी अशा अटी असतात आणि मोबाइलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा. बरेच जण माप तेवढेच ठेवून दर्जा (साठवताना निवडायचा ‘क्वालिटी’चा आकडा) तळाला नेतात आणि चेहऱ्यावर चौकोन उमटतात. क्रम असा हवा: आधी फोटो चेहरा-खांद्यांपुरता कापावा, मग माप अर्जात दिलेल्या पिक्सेलवर, उदाहरणार्थ २०० बाय २३० वर आणावे आणि शेवटी दर्जा ८० ते ९० ठेवून जेपीजी साठवावी. फाइल किमान मर्यादेखाली गेली तर दर्जा वाढवावा. आयफोनचा फोटो बऱ्याचदा एचईआयसी प्रकारात असतो. नावाच्या शेवटी नुसते जेपीजी लिहिल्याने तो बदलत नाही, म्हणून संकेतस्थळ तो नाकारते. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले की पुढचे फोटो जेपीजीतच निघतात.

घरातले जुने फोटो स्कॅन करायचे असतील तर ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) टिफ या प्रकारात करावेत. साडेतीन बाय पाच इंची रंगीत फोटोची फाइल सुमारे १९ एमबी होईल. ती संग्रहासाठी. नातेवाइकांना पाठवायला त्यातूनच जेपीजी काढावी.

अर्ज मागवणाऱ्या यंत्रणांनी केवळ केबीची मर्यादा न देता पिक्सेलचे माप आणि चालणारे प्रकार त्याच ओळीत, मराठीत द्यावेत. आपल्यालाही एक विनंती. वाचकांकडून छायाचित्रे मागवताना सोबत एवढे छापावे: ‘फोटो मूळ जेपीजी स्वरूपात ई-मेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, रुंदी किमान १२०० पिक्सेल असावी, वर्डच्या फाइलमध्ये चिकटवू नये, फोटोवर नावे लिहू नयेत.’ वृत्तपत्राच्या कागदावर इंचाला २०० ठिपके धरले तर एवढ्या रुंदीत १५ सेंटिमीटरचा फोटो स्वच्छ छापला जातो.

– छपाई व डिझाइन क्षेत्रातील काही वाचक, कोल्हापूर