घरातल्या वडीलधाऱ्यांचा एक फोटो खिडकीशेजारी काढा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पितृपंधरवडा आला की आपल्या अंकात पुण्यस्मरणाच्या जाहिराती वाढतात आणि माझ्याकडे तसबिरींची कामं. गेली एकतीस वर्षं मी कोल्हापुरात तैलरंगात व्यक्तिचित्रं रंगवतो. त्यातली बहुतेक गेलेल्या माणसांची, म्हणजे फोटोवरून काढलेली.

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आले. आईचं वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं. मोबाईलवर त्यांनी जो फोटो दाखवला तो नातवाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला होता. स्टेजवर जांभळे दिवे, समोरून फ्लॅश. चष्म्याच्या काचांवर पांढरे डाग, गालावर जांभळट झाक, आणि चेहरा मोठा करून बघावा तर डोळ्यांच्या जागी नुसते चौकोन. यावरून चित्र होणार नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही कलाकार, डोळे तुम्ही घाला की."

डोळे घालता येतात, पण ते कुणाचे तरी डोळे होतात. उमेदवारीच्या काळात मी असं एक चित्र करून दिलं होतं. न्यायला आलेली मुलगी बराच वेळ त्याच्यापुढे उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "साडी आईचीच आहे." त्यानंतर मी तसलं काम घेतलं नाही.

या गृहस्थांना मी घरातले सगळे अल्बम आणायला लावले. तिसऱ्या अल्बमात एक फोटो सापडला. सकाळची वेळ, आई उंबऱ्याशी सूप घेऊन तांदूळ निवडते आहे आणि कुणीतरी हाक मारली म्हणून तिने मान वर केली आहे. दारातून येणारा उजेड एका गालावर, दुसरा गाल सावलीत. पण समोरच्या चुन्याच्या भिंतीमुळे ती सावलीही काळी पडलेली नाही. कानशिलाजवळचा खोलगटपणा, नाकाची बाजू, ओठांच्या कडेची घडी, सगळं वाचता येत होतं. दोन्ही बुबुळांत उजेडाचा एकेक ठिपका, एकाच बाजूला. मी म्हणालो, हाच. त्यांना पटेना. साडी घरातली, गळ्यात दागिना नाही. मी त्यांना सांगितलं की साडी आणि दागिने दुसऱ्या कुठल्याही फोटोवरून घेता येतात, चेहऱ्यावरचा उजेड मात्र उसना आणता येत नाही. एका फोटोतला चेहरा आणि दुसऱ्यातला उजेड असं जोडकाम केलं की माणूस ओळखू येत नाही.

रंगवताना आमच्या हाती असतात फक्त छाया आणि प्रकाश. फ्लॅश कॅमेऱ्याच्याच दिशेने पडतो, त्यामुळे सावल्या पुसल्या जातात आणि चेहरा चपटा होतो. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली डोळ्यांच्या खोबणी होतात. सावळाराम हळदणकरांचं हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी त्यांनी आपल्या मुलीला समोर उभं केलं होतं. दिव्याचा उजेड तिच्या बोटांतून लाल झिरपतो आणि चेहऱ्यावर जातो. त्यांना तो उजेड डोळ्यांनी बघता आला, हवा तसा मांडता आला. माझ्यापुढे माणूसच नसतो. फोटोत असेल तेवढाच उजेड माझा.

म्हणून वाचकांना हात जोडून सांगतो. घरात आईवडील, आजीआजोबा असतील तर येत्या रविवारी त्यांना खिडकीशेजारी बसवा. थेट ऊन येत नाही अशी खिडकी निवडा, उत्तरेची असेल तर फार चांगलं. खिडकी एका बाजूला येऊ द्या, पाठीमागे नको. घरातले दिवे बंद करा, नाहीतर एक गाल पिवळा येतो. मोबाईल त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि पाच-सहा फूट मागे उभे राहा. फार जवळून काढलं की नाक मोठं होतं आणि कान मागे पळतात. चष्म्यात खिडकी चमकत असेल तर मान किंचित वळवायला सांगा. चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर कृपा करून वापरू नका, सुरकुत्यांतच ओळख असते. बोलतं ठेवा, पाचपन्नास फोटो काढा. मूळ फाइल जपून ठेवा, व्हॉट्सअॅपने पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे जातात. जुने फोटो काचेच्या चौकटीत असतील तर काचेवरून फोटो न काढता बाहेर काढून स्कॅन करा. स्टुडिओत काढलेले साठ-सत्तर सालचे कृष्णधवल फोटो तर टाकूच नका. त्या फोटोग्राफरांना दिवा कुठे ठेवायचा हे ठाऊक होतं, आणि त्वचेचा रंग घरची माणसं सांगू शकतात.

माझे वडील जाऊन अठरा वर्षं झाली. त्यांचा एकच फोटो आहे, ओळखपत्रासाठी काढलेला, फ्लॅशचा. मी तो चार वेळा रंगवायला घेतला आणि चारही वेळा कॅनव्हास खरवडून काढला.

आपणांस विनंती एवढीच, की या पंधरवड्यात पुण्यस्मरणाच्या पानावर, जाहिरातींच्या शेजारी, खिडकीजवळच्या फोटोबद्दल चार ओळी छापाव्यात. ते पान त्या दिवसांत घरोघरी थांबून वाचलं जातं.

आपला,
एक व्यक्तिचित्रकार
मंगळवार पेठ, कोल्हापूर